इंजिन उतरवायच्या आधी

"रिअर मेन सील गेलंय ताई, इंजिन उतरवल्याशिवाय इलाज नाही."

माझ्या गाडीखाली वाकून बघितलेल्या जवळजवळ प्रत्येकानं मला हे ऐकवलंय, आणि त्यातल्या बहुतेकांनी बॉनेट उघडायचीही तसदी घेतली नव्हती. बेलहाउसिंगच्या, म्हणजे इंजिनामागच्या क्लचच्या कवचाच्या, तळाशी थेंब लोंबतोय ना? मग झालं, निकाल लागला. इंजिनच्या मुख्य दांड्याच्या, म्हणजे क्रँकशाफ्टच्या, मागच्या टोकाला तेल अडवणारं सील गेलं, इंजिन बाहेर, पुढचं बोला.

गाडी १९६६ ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. चार सिलिंडरचं, १७९८ सीसीचं बी-सिरीज इंजिन, डाव्या अंगाला दोन एसयू कार्ब्युरेटर. १९६२ ते १९८० या काळात या गाड्या पाच लाखांहून जास्त निघाल्या, त्यामुळे यांच्या दुखण्यांबद्दल सल्ला द्यायला माणसं कमी नाहीत. "ब्रिटिश गाडी आहे, ठिबकणारच, ठिबकायची थांबली तर समजा तेल संपलं" हा विनोद तर मला इतक्या वेळा ऐकवला गेलाय की आता मी कोणी तोंड उघडलं की आधीच मान डोलावते. एखादा थेंब मलाही चालतो. पण रात्रभरात खालचा पुठ्ठा भिजून लगदा व्हायला लागला आणि लांबच्या फेरीनंतर डिपस्टिकवर फरक दिसायला लागला, तेव्हा विनोद पुरे म्हटलं.

माझा व्यवसाय हिशेब तपासायचा. ताळेबंदात फरक जिथे दिसतो तिथे तो झालेला नसतो, हे पोटापाण्यासाठी रोज बघते. तेलाचंही नेमकं तेच आहे. ते खाली उतरतं, आणि गाडी धावताना वाऱ्यानं मागे ढकललं जातं. त्यात इंजिन मागच्या बाजूला जरासं कललेलं. म्हणजे कुठूनही निघालं तरी ते चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीच्या, कडेवरून सरकत सरकत मागच्या प्लेटपाशी येणार आणि बेलहाउसिंगच्या सगळ्यात खालच्या टोकावरून पडणार. तो थेंब तेल कुठे पोचलं एवढंच सांगतो.

सीलवर संशय घेणं अगदीच चूक होतं असं नाही. पहिल्या एमजीबींच्या क्रँकशाफ्टला तीन मेन बेअरिंग होती आणि मागच्या टोकाला रबरी सील नव्हतंच. शाफ्टवर कोरलेली आटेदार खाच तेल परत आत लोटायची. १९६४ च्या अखेरीस पाच बेअरिंगचं इंजिन आलं, त्याला ओठाचं रबरी सील आहे. माझं इंजिन हे दुसरं. रबर म्हटलं की ते कधीतरी कडक होणार, झिजणार. पण ते बदलायचं म्हणजे इंजिन बाहेर, क्लच खाली, फ्लायव्हील खाली, मागची प्लेट खाली. एवढा घाट घातल्यावर पुन्हा त्याच जागी थेंब दिसला तर? मला आधी पुरावा हवा होता.

आणि संशयित काही एकटं सील नव्हतं. इंजिनच्या डोक्यावरच्या रॉकर कव्हरचा मागचा कोपरा, ऑइल प्रेशर गेजला जाणाऱ्या नळीचा जोड, डिस्ट्रिब्युटरचं बूड, फिल्टरचं रिंग-सील, चेंबरचं पॅकिंग, ब्लॉकच्या डाव्या बाजूची दोन साइड कव्हरं, शिवाय गिअरबॉक्सचं पुढचं तोंड. यातल्या कुठूनही गळलं तरी थेंब त्याच टोकावर येणार.

गिअरबॉक्समुळे तर आणखीच पंचाईत. एरवी लोक बोटावर तेल घेऊन वास घेतात. गिअर ऑइलचा उग्र वास लपत नाही. पण या गाडीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनचंच तेल भरतात. दोन्हीकडे तेच २०डब्ल्यू-५०. बोट, नाक, डोळे, काही उपयोगाचं नाही. फक्त क्लचचं फ्लुइड नाही याची खात्री करायला थेंब पाण्यात टाकून बघितला. ब्रेक-क्लचचं फ्लुइड पाण्यात मिसळून जातं. हा थेंब वर तरंगला. एक नाव यादीतून कमी.

मग धुणं. याला पर्याय नाही, आणि नेमकं हेच कोणी करत नाही. मळलेल्या इंजिनवर गळती शोधणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या, डिग्रीजर फवारला, ब्रश घेतला आणि बसले. चेंबरच्या कडेला, इंजिनच्या पायांपाशी, मागच्या प्लेटच्या खाचेत बोटभर जाडीचा काळा थर होता. जुनं तेल आणि रस्त्याची धूळ मिळून झालेला. तो ब्रशनं निघत नाही, लाकडी पट्टीनं खरवडावा लागतो. लोखंडी पट्टी घेऊ नये, पॅकिंगची कड दुखावते. ब्लॉक कोरडा होईपर्यंत थांबले, आणि हवेच्या झोतानं कोनाकोपऱ्यांतलं पाणी उडवलं.

माझा भाचा या सगळ्यात माझा सहायक होता. म्हणजे फोनवर गाणी लावायची आणि मधेच "आत्या, इंजिन काढूनच टाकू की" असं म्हणायचं, हे त्याचं मुख्य काम. पण त्याच्याकडे बारीक वायरच्या टोकाला कॅमेरा असतो तो एंडोस्कोप आहे, आणि त्याचे हात माझ्यापेक्षा बारीक आहेत. ही दोन्ही पुढे फार कामाला आली.

धुतल्यावर गाडी जागेवरच सुरू ठेवली. आयडलिंगला बराच वेळ. खाली पुठ्ठा, त्यावर चाकांच्या आणि चेंबरच्या जागा खुणा करून. पुठ्ठा कोरडा. मग रस्त्यावर नेली, तीन-साडेतीन हजार आरपीएमवर अर्धा तास चालवली, पुन्हा त्याच खुणांवर उभी केली. थोड्या वेळानं पहिला थेंब, मग सावकाश एकामागून एक.

मला ही गोष्ट फार बोलकी वाटली. आयडलिंगला नाही, वेगात मात्र गळतंय. म्हणजे तेल नुसतं वाट सापडली म्हणून पाझरत नव्हतं. वेग वाढला की आतून कोणीतरी त्याला ढकलत होतं. हा मुद्दा मी एका मेकॅनिकला सांगितला. तो म्हणाला, "ताई, वेगात सीलवर पण ताण येतोच की." तेही खरं. नुसत्या तर्कावर खटला जिंकता येत नाही.

म्हणून रंग. इंजिन ऑइलमध्ये घालायचा अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिळतो. एका भरण्यात चार लिटरच्या वर तेल, त्यात ही एवढीशी बाटली. इंजिनमध्येच घातला, गिअरबॉक्समध्ये नाही. तेल दोन्हीकडे एकच असल्यामुळे या रंगाचा खरा फायदा इथे होता: चमकलं तर इंजिनचं, नाही चमकलं तर गिअरबॉक्सचं.

पुन्हा फेरी मारली, गॅरेजचे दिवे घालवले, पिवळा चष्मा लावला आणि दिवा फिरवला. पहिल्यांदा बघणाऱ्याची हमखास फसगत होते, कारण सगळंच चमकतं. डिपस्टिक पुसलेली चिंधी चमकत होती. तेल ओतायच्या फिलरच्या तोंडाशी सांडलेला थेंब चमकत होता. भाच्याच्या कपाळावर बोटाचा ठसा चमकत होता. ते सगळं पुसून, बाटलीला लागलेले हात धुऊन, पुन्हा फेरी मारून मग बघायचं.

दुसऱ्या वेळी रॉकर कव्हरच्या मागच्या कडेला एक बारीक हिरवट-पिवळी रेघ दिसली. तिथलं कॉर्कचं पॅकिंग चेपून लाकूड झालं होतं. नवीन पॅकिंग कव्हरला चिकटवलं, हेडच्या बाजूनं कोरडंच ठेवलं, आणि नट टॉर्क रेंचनं आवळले. इथे थांबून एक सांगते. हेडच्या नटांना ४५ ते ५० पाउंड-फूट टॉर्क लागतो. रॉकर कव्हरला ४. फक्त चार. मनगटाची सहज हालचाल. पण हातात पाना आला की माणसाला "अजून जरा" म्हणायचा मोह आवरत नाही. पत्र्याचं कव्हर, मधे कॉर्क, वर तुमची ताकद. कॉर्क पिळून बाहेर येतं, पत्रा वाकतो आणि जी गळती नव्हती ती सुरू होते. मग आणखी आवळतात. हे सगळं पुढे दुसरीकडे सापडणारच होतं, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं.

प्रेशर गेजच्या नळीच्या जोडाशी थोडी चमक होती. तांब्याचा वॉशर बदलला, संपलं.

खालचा थेंब मात्र होता तसाच.

आता उलट्या बाजूनं विचार केला. रिअर मेन सील गळत असेल तर तेल निघणार मागच्या प्लेटच्या पलीकडे, फ्लायव्हीलच्या बाजूला. म्हणजे बेलहाउसिंग आतून ओलं असलं पाहिजे. आणि आत बघायला इंजिन उतरवायची गरज नाही! क्लचचा फोर्क जिथून बाहेर येतो तिथे एक रबरी बूट असतो. तो मागे सारला, एंडोस्कोपची वायर आत घातली. भाचा गाडीखाली, मी फोनचा पडदा धरून.

"काय दिसतंय?" मी.

"आत्या, पडदा तुझ्या हातात आहे."

आत जुना काळपट थर होता, वर क्लचची धूळ बसलेली. अतिनील दिव्याचा झोत त्याच फटीतून आत सोडला. काही चमकलं नाही. फ्लायव्हीलची कड नाही, प्लेटचा तळ नाही. कधीकाळी तिथे तेल आलं असेल, पण रंग घातल्यानंतर सीलमधून एक थेंबही आला नव्हता. सगळ्यांचा आवडता आरोपी इथे सुटला.

मग नजर वळली डाव्या बाजूला. या इंजिनच्या डाव्या अंगावर, इनटेक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (हवा आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या नळ्यांच्या) खाली, पत्र्याची दोन साइड कव्हरं आहेत. आत पुशरॉड आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या काड्या आणि त्यांचे ठोकळे. हेडवर गेलेलं बरंचसं तेल पुशरॉडच्या भोकांतून इथेच उतरतं, त्यामुळे इंजिन चालू असताना ही पोकळी आतून सतत न्हात असते. प्रत्येक कव्हर मधल्या एकाच बोल्टवर बसवलेलं. पुढचं कव्हर निदान चाचपता येतं. मागचं मॅनिफोल्डच्या आड इतकं दडलेलं की वरून बघितलं तर आहे की नाही तेही कळत नाही. खालून, आरशाची काडी आणि दिवा घेऊन, एक्झॉस्टच्या पाइपाच्या मागे डोकं घालावं लागतं. ते डोकं अर्थात भाच्याचं.

"आत्या, हे बघ. नाही, फोटोच काढतो."

त्या फोटोत सगळं होतं. मागच्या साइड कव्हरच्या खालच्या मागच्या कोपऱ्यातून एक ठळक चमकती धार निघालेली. ब्लॉकवरून खाली, चेंबरच्या कडेवर. तिथून कडेकडेनं मागे, मागच्या प्लेटवर, प्लेटला वळसा घालून खाली, आणि बेलहाउसिंगच्या तळाच्या बोल्टवर. पुठ्ठ्यावरचा डाग बरोब्बर त्या बोल्टखाली.

पॅकिंग बदललं की झालं, असं म्हणून मोकळं व्हायचं? माझं "वेगात का गळतं" याचं उत्तर अजून बाकी होतं.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोटात, येतोच, अगदी धडधाकट इंजिनातही. वेग वाढला की तो वाढतो. त्याला बाहेर जायला वाट लागते. माझ्या गाडीत ती वाट अशी: पुढच्या साइड कव्हरवर एक डबा आहे, आत तारेची जाळी, तेलाचे कण अडवायला. त्या डब्यातून होज निघतो आणि इनटेक मॅनिफोल्डवरच्या स्मिथ्सच्या व्हॉल्व्हला जातो. मॅनिफोल्डची ओढ त्या व्हॉल्व्हमधून क्रँककेसमधला गॅस खेचून घेते आणि तो जळून जातो. ताजी हवा फिलरच्या झाकणातून आत येते. त्या झाकणातही फिल्टर असतो. सगळं नीट असेल तर क्रँककेसमध्ये दाब नाही, उलट किंचित ओढ असते, आणि सुमार पॅकिंगसुद्धा तेल धरून ठेवतं. वाट तुंबली की तोच गॅस पॅकिंगांच्या फटी शोधत तेलासकट बाहेर पडतो.

यासाठी वर्कशॉप मॅन्युअलमध्ये एक साधी परीक्षा दिलीय. गरम इंजिन आयडलिंगला ठेवा आणि फिलरचं झाकण काढा. व्हॉल्व्ह ठीक असेल तर वेग साधारण २०० आरपीएमनं वाढतो, कानाला कळण्याइतका. मी झाकण काढलं. इंजिनला पत्ताच नाही. फिलरच्या तोंडावर कागदाचा कपटा धरला, तर तो ओढला जाण्याऐवजी फडफडत वर आला. मग पारदर्शक नळी यू आकारात वाकवून, पाणी भरून, डिपस्टिकच्या नळीला जोडली. पिकअप दिला की पाणी पलीकडच्या बाजूला चढायचं. म्हणजे दाब, आणि तोही वेगाबरोबर वाढणारा.

रिंगाच गेल्या असतील तर नुसती गॅसची वाट साफ करून भागलं नसतं, म्हणून कॉम्प्रेशन मोजलं. चारही सिलिंडर १५० पीएसआयच्या वर, आपसांत फारसा फरक नाही. हुश्श.

स्मिथ्सचा व्हॉल्व्ह उघडायला वरची तारेची क्लिप सरकवायची. आत रबरी पडदा, त्याखाली सुई आणि स्प्रिंग. पडदा कडक झालेला, सुई डिंकासारख्या चिकट थरात जागच्या जागी रुतलेली. आणि पुढच्या कव्हरच्या डब्यातली जाळी! तिच्यातून दिव्याचा उजेडसुद्धा पलीकडे जात नव्हता. कार्ब्युरेटर क्लीनरमध्ये रात्रभर भिजवली, सकाळी त्या भांड्यातलं द्रव शाईसारखं काळं. पुन्हा भिजवली, पुन्हा झटकली, वाऱ्यानं फुंकली, तेव्हा कुठे तारा वेगवेगळ्या दिसल्या. व्हॉल्व्हला नवीन पडदा घातला. होज आतून सुजून अरुंद झाला होता, तोही बदलला.

मागचं साइड कव्हर काढायला दोन्ही कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड उतरवले. मॅनिफोल्ड न काढता ते काम करणारी माणसं आहेत म्हणे. असतील, त्यांची मनगटं निराळ्या घडणीची असावीत.

कव्हर हातात आलं आणि सगळी कहाणी समोर. कोणीतरी, कधीतरी, गळती थांबवायला मधला बोल्ट जीव खाऊन आवळला होता. बोल्टखालचा वाटीसारखा वॉशर पार चेपलेला. कव्हरचा मध्य आत दबलेला, त्यामुळे कोपरे उचललेले. ते जमेना म्हटल्यावर वर सिलिकॉन थापलेलं, आतून-बाहेरून. आतल्या बाजूला त्याची शेपटं लोंबत होती. सिलिकॉनवर माझा राग आहे तो यासाठी. बाहेर आलेलं दिसतं, पुसता येतं. आत गेलेलं तुटून चेंबरमध्ये पडतं आणि पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. एका थेंबापायी बेअरिंगचं तेल तोडायचं, हा कुठला शहाणपणा? मी ती शेपटं एकेक करून चिमट्यानं वेचली, आणि पुढच्या तेलबदलीच्या वेळी चेंबर उतरवून जाळी बघायचं ठरवलं.

कव्हर काचेवर पालथं ठेवलं आणि कडेखाली फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पात्यांचा जुडगा, सरकवला. मागच्या कोपऱ्यात ०.८ मिलिमीटरचं पातं सहज गेलं. चमकती धार जिथून निघाली होती तोच हा कोपरा. मग कव्हर लाकडाच्या ठोकळ्यावर घेऊन, दुसरा ठोकळा वर ठेवून, हलक्या हातोडीनं मध्य बाहेर काढला. दोन ठोके, काचेवर बघणं, पुन्हा दोन ठोके. घाई केली तर पत्रा दुसरीकडे वाकतो. शेवटी काचेवर पॉलिश पेपर चिकटवून कव्हरची कड त्यावर हलकेच घासली; जिथे घासलं जातं तो उंचवटा, तिथेच पुढचा ठोका. सगळ्यात पातळ पातं कुठेच शिरेना तेव्हा थांबले. संध्याकाळ त्यातच गेली, आणि खरं सांगायचं तर या सगळ्या प्रकरणातली तीच संध्याकाळ मला सगळ्यात आवडली.

नवीन पॅकिंग कव्हरला चिकटवलं, पुरतं वाळू दिलं. बोल्टखाली नवीन वॉशर आणि सील. बोल्ट हातानं टेकवला, आणि पान्यानं जेमतेम. भाच्यानं विचारलं, "बास? एवढंच?" त्याच्या हातातून पाना काढून घेतला. पुढच्या कव्हरचंही पॅकिंग त्याच वेळी बदललं; तिथवर हात पोचलेला असताना सोडून देण्यात अर्थ नव्हता.

मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटर चढले, दोन कार्ब्युरेटर पुन्हा एका सुरात आणण्यात नेहमीसारखा वैताग झाला, तो सांगत नाही. इंजिन तापल्यावर फिलरचं झाकण उचललं आणि आवाज चढला. स्पष्ट, लगेच. यू नळीतलं पाणी आता आतल्या बाजूला ओढलं जात होतं. फिलरचं झाकणही नवीन घातलं, कारण त्यातला फिल्टर तुंबला तर उलटा त्रास होतो: ओढ वाढते आणि तेल मॅनिफोल्डमध्ये खेचलं जाऊन जळतं.

लांबच्या फेरीनंतर पुठ्ठ्यावर एक छोटा ठिपका आला. दिव्याखाली धरला, चमकला नाही. म्हणजे गिअरबॉक्सचा. त्याच्यासाठी मी काहीही करणार नाहीये. फक्त तिथल्या तेलाची पातळी मधूनमधून बघेन.

सीलवाल्या मेकॅनिकला फोटो दाखवले. बराच वेळ मोठे करून बघत राहिला. मग म्हणाला, "पण ताई, सील जुनं तर आहेच ना?" आहे. क्लच आता फार वर्षं काढेल असं वाटत नाही. तो संपला की इंजिन उतरेलच, तेव्हा नवीन सील टाकून घेऊ असं त्याला सांगितलंय. तारीख त्यानंच विचारली. मी म्हटलं, क्लचला विचारा.